आखणीच्या वेळी

"कोपर मागे!" मैथिली मॅडम तिसऱ्यांदा ओरडल्या.

प्रणिताचं कोपर हललं नाही. खांद्यावर हात पडताच तिनं श्वास रोखला होता, मान किंचित पुढे झुकवली होती, आणि ती तशीच थिजून उभी होती. तिच्यामागे हल्लेखोर झालेली किमया पोटावर उशी बांधून उभी. ती मार खायलाच आली होती आणि मार काही मिळेना.

"मूर्ती झाली गो हिची!" कुणीतरी म्हणालं. पेणच्या शाळेचा तो हॉल हसला. स्वसंरक्षण वर्गाचा हा दुसराच रविवार.

रोह्याहून शिकवायला येणाऱ्या मैथिली मॅडम मात्र हसल्या नाहीत. "श्वास का रोखतेस?" त्यांनी विचारलं.

"आखणीची सवय, मॅडम."

प्रणिता गणपतीच्या कारखान्यात आखणी करते, म्हणजे मूर्तींचे डोळे रेखाटते. कुंचला बुबुळाच्या कडेला टेकला की श्वास रोखायचा. अंग हलवायचं नाही. रेघ थरथरली की मूर्ती बाद. हे साऱ्या पेणला ठाऊक आहे. मालकाच्या मुलाला, हर्षदलाही. म्हणूनच त्याचा हात नेमका तेव्हाच मागून येतो, खांद्यावर टेकतो, सावकाश खाली सरकतो. तिला बांधायला तिच्या निष्ठेचाच त्यानं दोर केला आहे. आणि समोर, अर्धा उघडलेला देवाचा डोळा ते सारं पाहत असतो.

तिनं हे सांगितलं तेव्हा हॉलमध्ये कुणी हसलं नाही.

"उद्या परत आखणी हाय," ती म्हणाली. "आज नाय जमलं तर कारखाना सोडेन मी." डोळे रेखाटण्याइतकं प्रिय तिला दुसरं काही नव्हतं.

मॅडमनी तिच्या हाती खडू दिला. "फळ्यावर डोळा काढ. हात पडला की मोड ती रेघ."

तिनं रेघ ओढली. किमयाचा हात पडला. रेघ डोळ्याच्या कोपऱ्यापर्यंत निर्दोष गेली. तो सुंदर डोळा पाहून प्रणिताला रडू कोसळलं.

भिंतीपाशी चंद्रावती बसली होती. त्याच कारखान्यात तिनं तीस वर्षं डोळे काढले होते. वर्गात तिचं नाव नव्हतं. प्रणिताला सोबत म्हणून ती आली होती. आणि गेलं वर्षभर तीच प्रणिताला बजावत आली होती, "डोळा होईस्तोवर सोस गो. बोभाटा नको."

आता ती उठली. प्रणिताच्या हातून खडू घेऊन फळ्यासमोर उभी राहिली. रेघ सुरू केली.

"ठेव गो हात," ती किमयाला म्हणाली.

हात पुरता टेकलाही नव्हता. कोपर मागे गेलं. किमया उशीसकट दोन पावलं कोलमडली. फळ्यावरची रेघ तिरपी फाटत गेली.

मॅडम पुढे झाल्या. "मावशी, हे कुठं शिकलात?"

"शिकलेय कुठं? तीस वर्षं रोज मारतेय." चंद्रावतीनं घाम पुसला. "ह्या हर्षदच्या बापाला. मनात."

मग तिनं खडू प्रणिताच्या मुठीत दाबला.

"तू मनात नको मारूस."