दोघींचं दर्शन

मंगळवारी दुपारी घारापुरीहून गेटवेला निघालेल्या लाँचवर मालिनीचा फोन वाजला. इंजिनाच्या धडधडीत काही ऐकू येईना, म्हणून तिने स्पीकर लावला आणि तिथेच फसली.

"आई, झालं का दर्शन? टिटवाळ्याला आज तुफान गर्दी असेल ना?" बदलापूरहून तिची सून ऋता विचारत होती.

"होती ना. पण झालं छान."

"आवाज कसला येतोय हो एवढा?"

"रिक्षात आहे गं. इथल्या रिक्षा म्हणजे नुसता खुळखुळा." समोर अख्खा समुद्र पसरलेला, डोक्यावर सीगल ओरडतायत, आणि बाई बिनदिक्कत रिक्षात बसलेल्या.

"अण्णा विचारतायत, सुंदराबाईंनीसुद्धा घेतलं का दर्शन?"

"हो तर! दोघींचं अगदी सुरेख झालं. येताना पेढे आणते."

तिने फोन ठेवला तेव्हा शेजारी सुंदराबाईंचं शेंगा सोलणं थांबलं होतं.

"दोघींचं?" त्या म्हणाल्या.

मालिनी हसली. "अगं, देवाला जाते म्हटलं की आमच्याकडे कुणी 'कशाला' विचारत नाही. बेटावर फिरायला जाते म्हटलं असतं तर दहा जणांच्या दहा शंका." पेढ्यांचीही तिला चिंता नव्हती. ते बदलापूर स्टेशनबाहेर मिळतात आणि टिटवाळ्याइतकेच गोड लागतात.

सुंदराबाई हसल्या नाहीत. अंबरनाथच्या एका औषधाच्या कंपनीत दोघींनी सगळी नोकरी एकत्र काढली होती, रोज दुपारी डबा एकत्र खाल्ला होता. पण हा चेहरा मालिनीने कधी पाहिला नव्हता.

"छप्पन साली माझ्या सासऱ्यांनी घरातले देव नदीत सोडले," त्या म्हणाल्या. "तेव्हापास्नं आमच्या घरात कुणी देवापुढं हात जोडले नाहीत. आजारपणं आली, माणसं गेली, तरी नाही जोडले. आणि तू फोनवर माझे जोडून मोकळी झालीस?"

"अगं, पण कुणाला कळणार आहे?"

"तुझ्या नवऱ्याला कळलं ना! तुमच्या गणपतीत आरती सुरू झाली की अण्णा स्वतः माझ्यासाठी गॅलरीत खुर्ची टाकतात. एका शब्दानं कधी हटकलं नाही त्यांनी. आता त्यांना वाटेल, हिचा ताठा एवढाच होता. खोटं बोलायचं तर तुझ्या वाटचं बोल मालिनी, माझ्या वाटचं नको."

त्यांनी शेंगांची पुडी पिशवीत टाकली आणि पाण्याकडे तोंड फिरवलं.

मालिनीला आधी रागच आला. एवढंसं बोलले, त्याचा केवढा बाऊ! मग हळूहळू तिला लाज वाटायला लागली. एक दिवस मजेत घालवायला आपल्याला देव मध्ये घालावा लागला आणि ही बाई घरातल्या मरणाच्या दिवशीसुद्धा आपल्या शब्दावरून हलली नव्हती. अशी मैत्रीण आपल्याला मिळाली याचा तिला अभिमान वाटला, आणि तिलाच आपण विकून बसलो याचं वाईट वाटलं. तिने फोन लावला. या वेळी स्पीकर मुद्दाम चालू ठेवला.

"ऋता, अण्णांना दे." अण्णा फोनवर आले. "अहो, मी टिटवाळ्याला गेलेच नाही. घारापुरीला आलेय, लाँचने. आणि सुंदराने कुठेही हात जोडलेले नाहीत. ते मी माझ्या पदरचं बोलले."



"तरीच!" अण्णा म्हणाले. "मघापासून मी ऋताला तेच म्हणतोय, सुंदराबाई आणि टिटवाळ्याला? सूर्य पश्चिमेला उगवायचा." मग आपण रागवायला हवं हे त्यांना आठवलं. "पण तुझं तिकडे काय काम होतं?"

"काम काही नव्हतं."

"मग?"

"मला जायचं होतं."

आजूबाजूच्या चार माणसांनी वळून पाहिलं. मालिनीने आवाज कमी केला नाही.

"विचारायचं तरी. मी काय नको म्हटलं असतं?"

"म्हटलं असतंत."

 अण्णांना खोटं फारसं जमत नसे. "हो. म्हटलं असतं."

"म्हणून पुढच्या वेळी विचारणार नाही. सांगून जाईन."

लग्न झाल्यापासून इतकं सरळ वाक्य ती नवऱ्याशी बोलली नव्हती. फोन पर्समध्ये टाकताना तिची मान आपोआप ताठ झाली होती. तिला स्वतःचं भारी कौतुक वाटलं. तिने शेजारी पाहिलं. सुंदराबाई अजून पाण्याकडेच बघत होत्या. गेटवे येईपर्यंत त्यांनी तोंड इकडे वळवलं नाही.

धक्क्याला आधीच एक लाँच लागलेली होती. तिच्यावर पाय टाकून पलीकडे जायचं होतं, आणि दोन्ही लाँचा लाटेवर एकदा जवळ येत, एकदा लांब जात होत्या. मालिनी कठड्याशी येऊन थबकली.

"मावशी, सोबत कोण आहे तुमच्या?" खलाशाने विचारलं.

मालिनीने मागे वळून पाहिलं.

मागून सुंदराबाई पदर खोचत पुढे आल्या. खलाशाला बाजूला सारून आधी स्वतः पलीकडे गेल्या, पाय रोवून उभ्या राहिल्या आणि हात पुढे केला.

"मी आहे की," त्या म्हणाल्या. "धर."