आखूड हौदा

"फाळका पाड आधी," म्हातारी म्हणाली. "नाहीतर ट्रेलरच पाडेल तो."

ट्रेलर जोडायला मागे घेत असलेला पिकअप लायलने थांबवला, खाली उतरून हौद्याचा मागचा फाळका पाडला. म्हातारीचं बरोबर होतं, आणि तेच त्याला खटकलं.

म्हातारी नेल्डा सहा पावलांवर, सावलीत एका तपकिरी पेटीवर बसली होती. मंगळवार असून पायात चर्चचे बूट. पत्रे तापले होते तरी मनगटापर्यंत बाह्या. मांडीवर पर्स आणि पर्सवर तिचं बुटकं कुत्रं. कुत्रंही लायलकडे संशयानेच बघत होतं.

बहिणीने, कार्लाने, त्याला फोनवर बजावलं होतं, दादा, माझ्या सासूपासून सांभाळ. या ट्रेलर-तळावर पान हललं तरी ती मुलाच्या कानावर घालते.

तो मुलगा क्लिंट, कार्लाचा नवरा. पाइपलाइनवर वेल्डिंग करायचा आणि बाराच्या ठोक्याला जेवायला यायचा. त्याच्या आत ट्रेलर फाटकाबाहेर निघायला हवा होता. ट्रेलर म्हणजे चाकांवरचं घर, आणि ते कार्लाचं, बापाने तिच्या नावावर केलेलं. दुसरं छप्पर तिला नव्हतं. आणि आत्ता ती भावाच्या पिकअपमध्ये मागच्या सीटवर, रजयांच्या ढिगाखाली, सुजलेला डोळा मिटून, श्वास आवरून पडली होती.

अकरा वाजले होते.

चाकं आवाज करताहेत, पेकॉसला दुरुस्तीला न्यायचाय, क्लिंटनेच सांगितलंय, असं लायलने ठरवल्याप्रमाणे म्हातारीला सांगून टाकलं होतं.

"क्लिंटने," नेल्डा म्हणाली. "तो मला घरातली कॉफी संपली हेही सांगत नाही. तुला बरं सांगितलं."

मग तिने प्रश्न सुरू केले. किती वर्षं ट्रेलर ओढतोस? वीस, लायल म्हणाला. खरं तर तो अमारिलोत फरश्या बसवायचा, आणि आजवर त्याने फरश्यांच्या खोक्यांची छोटीशी गाडी तेवढी ओढली होती. याची लांबी किती? तीस फूट, त्याने ठोकून दिलं. "सदतीस," ती म्हणाली. उतारावर ब्रेक कसा लावतोस, चष्म्याचा नंबर किती, रात्री नीट झोपलास का. मुलगी द्यायला निघाल्यासारखी चौकशी.

"दारू पितोस?"

"काकू, सकाळचे अकरा वाजलेत."

"अकराला पिणारे पाहिलेत मी. एक तर मीच जन्माला घातलाय."

ती उठली, पिकअपभोवती फिरली आणि बोटाच्या पेराने मागच्या काचेवर टकटक केली. काच काळी होती. तरी लायलच्या पाठीवरून घाम निथळला. किती जुनी काच, तिने विचारलं. गाडीबरोबरचीच, तो म्हणाला. ती हूं म्हणाली आणि पुन्हा पेटीवर जाऊन बसली.

त्याने पिकअप मागे घेतला. ट्रेलरच्या पुढच्या पोटाखालचा लोखंडी खुंटा हौद्यात बसवलेल्या पकडीच्या जबड्यात शिरला, खट्ट झालं. तो ट्रेलरचे टेकूचे पाय वर घ्यायला धावला, तर म्हातारीने हात आडवा केला. बॅटरीचा उजेड टाकून बघ म्हणाली. बघितलं तर जबडा अर्धाच मिटलेला. परत पुढे घे, परत मागे घे. जबडा पुरता मिटेपर्यंत आठ मिनिटं गेली. ही मुद्दाम वेळ काढतेय, त्याला वाटलं. बारा वाजेपर्यंत अशीच खेळवत बसणार.

पाय वर घेऊन वायर जोडताना त्याने मान वर केली, तर पेटी रिकामी. नेल्डा गॅसच्या टाक्यांमागे फोन कानाला लावून उभी होती. दबक्या आवाजात बोलत होती आणि नजर त्याच्यावर होती. दोनच शब्द त्याच्यापर्यंत आले.

"आत्ताच निघ."

क्लिंटलाच बोलावतेय ही, लायलला वाटलं. चाकांखालचे ठोकळे त्याने लाथेने उडवले आणि पिकअपमध्ये शिरला. ट्रेलर सरळ गल्लीत आला. फाटकासाठी विजेच्या खांबाला वळसा घालून डावीकडे वळायचं होतं, वळण काटकोनी. त्याने स्टिअरिंगला हात घातला आणि समोर म्हातारी आली. काखेत कुत्रं, दुसऱ्या हाताचा तळवा बॉनेटवर. अकरा चाळीस.

"काकू, बाजूला व्हा."

ती बाजूला झाली नाही. खिडकीशी आली. या वेळी आवाजात टोमणा नव्हता.

"लांब हौद्याला असं वळलं तर चालतं. तुझा आखूड. ट्रेलरचा कोपरा मागची काच फोडून आत येईल, आणि ती काच कार्लाच्या डोक्यावर पडेल. उतर. जबड्याचा तो दांडा ओढ, ट्रेलरचा ब्रेक धर, पिकअप हातभर पुढे घे. जबडा हौद्यात मागे सरकला की कोपरा काचेपासून लांब राहील, मग वळ."

मागे रजयांचा ढीग हलला.

लायल उतरला. त्याने दांडा ओढला. "आणि क्लिंट?" त्याने विचारलं.

"त्याला मघाशी फोनवरून मोनहन्सला पाठवलंय, डुकराच्या भाजलेल्या फासळ्या आणायला. मंगळवारी बारालाच संपतात, म्हणून धावत गेला असेल. दोनच्या आधी येत नाही."

लायल गाडीत बसला, ट्रेलरचा ब्रेक धरून पिकअप हातभर पुढे घेतला. जबडा मागे सरकला, मग तो वळला. ट्रेलरचा कोपरा काचेपासून वीतभर अंतरावरून गेला. फाटकाजवळ गाडी सरळ झाल्यावर तो जबडा पुन्हा जागेवर घ्यायला उतरला, दांडा नीट बसला का ते दोनदा बघितलं आणि परत आला.

बाजूच्या सीटपुढे, पायांशी, तपकिरी पेटी होती. पेटीवर कुत्रं. नेल्डा सीटचा पट्टा लावत होती.

"बघतोस काय?" ती म्हणाली. "कार्लाने तीन वर्षं त्याचा मार खाल्ला. मी तो सोळा वर्षांचा झाल्यापासून खातेय. चल."