तीन महिने मागे

सुनेत्राने लेकीच्या डोक्यावरची टोपी काढली. मागच्या तीन महिन्यांत शिकलेलं सगळं पुसलं गेलं होतं. शाल्मली जेमतेम सहा वर्षांची, पण घरी शिकता शिकता तिने सातवीच्या पुस्तकांचाही फडशा पाडला होता. परीक्षा मंडळाला मात्र हुशारीलाही वयाचा दाखला लागतो. बारा वर्षं पूर्ण झाल्याशिवाय परीक्षा नाही. तोवर पोरीला शिकवायला आणायचं तरी काय? म्हणून दर तिमाहीला ही टोपी. आजची चौथी खेप.

शाल्मलीने तेच पुस्तक पुन्हा उघडलं आणि दहा मिनिटांत ओरडली, "आई, अपूर्णांक म्हणजे भाकरीचे तुकडेच की गं! थांब, आबांना दाखवते!"

वही घेऊन ती आतल्या खोलीत धावली.

टोपीला गणित आणि आजोबा यांतला फरक कळत नव्हता. तीन महिने म्हणजे सरसकट तीन महिने. हार घातलेला फोटो सुनेत्राने सकाळीच कपाटात ठेवला होता.

रिकाम्या कॉटपाशी उभ्या पोरीला तिने मांडीवर घेतलं आणि सांगितलं. आधी दवाखाना, मग देवबाप्पा. कुठे थांबायचं, पाणी कधी द्यायचं, सगळं आता तोंडपाठ झालं होतं.

रडून रडून शाल्मली दमली. मग तिने मान वर करून आईचा चेहरा निरखला.

"आई, आबा तुझे बाबा होते ना?"

"हो गं."

"मग तू का नाही रडत?"