झुंबरबाईनं दिलेली लाईन

भागवतनं निंबाच्या छाटणीसाठी इलेक्ट्रिक करवत आणली, पण वायर पुरेना. कुंपणावरून शेजारच्या झुंबरबाईला हाक मारली, "काकू, तुमच्या घरून लाईन देता काय?" म्हातारी शेजारधर्माला जागली. तिनं पंख्याची पिन काढून करवतीची खोचली, त्याला चहा पाजला आणि वायर करवतीत अडकू नये म्हणून हातात उचलून धरली. शिडीवर चढलेल्या भागवतनं स्वतःच्या अंगणावरच्या फांद्यांना हातही लावला नाही. झुंबरबाईच्या टिनाच्या छपरावर सावली धरणारी एकुलती फांदी त्यानं बुडापासून कापून तिच्याच दारात पाडली. "भागवता, उन्हाया तोंडावर आला अन् हे काऊन केलं रे?" वायर अजून तिच्या हातातच होती. "तुमी मले जागा इकून नाही राह्यल्या म्हणून," तो म्हणाला. "टिन तापलं की इकसान. बटन बंद करा, अन् च्या असन तं अर्धा कप द्या."