भिंतीपलीकडचं गाणं

तळपायावर लोखंडी नळीचा दुसरा फटका बसला आणि लाझारोस किंचाळला. अधिकाऱ्याने शांतपणे रेकॉर्डचा आवाज वाढवला. लष्करी राजवटीतल्या अथेन्सच्या त्या पोलीस ठाण्यात वाजत होतं ते लाझारोसनेच चाल लावलेलं, साऱ्या ग्रीसला पाठ असलेलं प्रेमगीत.

"रस्त्यावरच्या लोकांना वाटतं, आम्ही गाणी ऐकतोय," अधिकारी म्हणाला. "साथीदारांची नावं सांग."

लाझारोसने एकही नाव सांगितलं नाही. अकरा दिवस रोज सकाळी तीच रेकॉर्ड लागली. पायांची हाडं मोडली, चार दात पडले. तो बेशुद्ध पडला की मगच गाणं थांबायचं.

लष्करी राजवट कोसळल्यावर त्याचे कार्यक्रम पुन्हा सुरू झाले, पण ते गाणं त्याने कुणाला वाजवू दिलं नाही. नुसत्या फर्माईशीनेही त्याला दरदरून घाम फुटायचा.

एकदा तालमीला देस्पिना नावाची शिक्षिका भेटायला आली. लाझारोस अटकेत असताना ती त्याच ठाण्यात, शेजारच्या बायकांच्या कोठडीत होती.

"गाणं लागलं की आम्हाला कळायचं, तुम्हाला मारतायत," ती म्हणाली. "मग आम्ही सगळ्या बायका भिंतीला तोंड लावून तेच गायचो. तुम्हाला एकटं वाटू नये म्हणून. त्यापायी दोघींचे जबडे फोडले त्यांनी, पण आम्ही थांबलो नाही. तुम्हाला ऐकू यायचं ना?"

लाझारोसला एकदाही ऐकू आलं नव्हतं.

"यायचं," तो म्हणाला. मग वादकांकडे वळला. "ते गाणं घ्या. या बाई गातील."