शुक्रवारचं नेट

"लागला का?" केसरीनाथने विचारलं.

"अजून न्हाय, बाबा," कॉम्प्युटरसमोर बसलेली सून विनिता म्हणाली. तिने मान वर केली नाही.

काळ्या पडद्यावर इंग्रजी अक्षरांच्या ओळी होत्या. कोर्टाचं समन्स वाचावं तसं केसरीनाथने त्यांच्याकडे बघितलं. "उद्या शुक्रवार हाय. देवेशला सुट्टी. दामूच्या घरची पन येनार हायेत त्याला बघायला. चार मान्सांत माजी शोभा करू नको." एवढं बजावून तो धाकट्या भावाला, दामूला, पुन्हा एकदा आमंत्रण द्यायला निघून गेला.

देवेश हा त्याचा मुलगा, विनिताचा नवरा. दोन वर्षं बहारीनला होता. फोन यायचा, पण त्याच्या आईचं, पुतळाबाईचं, आवाजावर भागत नव्हतं. आवाज धडधाकटच येतो. पोरगं वाळलंय की काय, ते आईला डोळ्यांनीच बघावं लागतं.

त्यासाठीच तर हा सगळा खटाटोप होता. भिवंडीजवळच्या पूर्णा गावातल्या त्यांच्या शेतावर आता गोदाम उभं होतं. गोदामाच्या ऑफिसने मोडीत काढलेला कॉम्प्युटर, आत विंडोजऐवजी लिनक्स टाकलेला, केसरीनाथच्या घरी आला. वायरलेस नेट गोदामातून ओटीपर्यंत पोचत होतं. सुपरवायझर तुळशीरामने पासवर्ड दिला. ते नेट पकडायला यूएसबीत खोचायचं बोटाएवढं यंत्रही आणलं. तिथवर सगळं झकास चाललं होतं. मग कळलं की यंत्राबरोबरची सीडी विंडोजची आहे. लिनक्सला लागणारी फाईल नेटवरून उतरवून घ्यायची होती. म्हणजे घरात नेट यायला आधी नेट हवं!

घरात कॉम्प्युटरचा क्लास केलेली एकटी विनिता. पेन ड्राइव्ह घेऊन ती रिक्षाने भिवंडीच्या सायबर कॅफेत जाऊ लागली. एरवी केसरीनाथने तिला एकटीला सोडलं नसतं. व्याह्याशी त्याचं बिनसलं होतं. घरच्या एका हळदीत विनिताचा बाप पंगतीतून न जेवता उठला, आणि त्या दिवसापासून विनिताचं माहेर बंद झालं. भिवंडीच्या वाटेवर तिच्या माहेरचं कुणी भेटेल, ही त्याला धास्ती. पण लेकाचं तोंड बघायचं तर सुनेला सोडणं भाग होतं. कॅफेत जायचं, फाईल घ्यायची, सरळ घरी यायचं.

एका फाईलने मात्र भागेना. एक आणली की ती दुसरी मागायची, दुसरी आणली की तिसरी. त्यापेक्षा रुसलेल्या व्याह्याची समजूत काढणं सोपं, असं पुतळाबाईला वाटू लागलं होतं. नवऱ्याला तसं सांगायची तिची छाती नव्हती.

विनिता भाकऱ्या टाकायला आत गेली. दिवेलागणीच्या आत केर काढावा म्हणून पुतळाबाईने कॉम्प्युटरचं टेबल पुढे ओढलं. मागे खोचलेल्या यंत्रावर निळा दिवा लुकलुकत होता. तुळशीरामने सांगून ठेवलं होतं, दिवा असा लुकलुकला की समजायचं, नेट लागलं.

"विनिता! अगं, लागला ना!" पुतळाबाई हर्षाने ओरडली.

विनिता पिठाच्या हातांनी धावत आली. दिवा बघून तिला आनंद झाला नाही. तिचा चेहरा उतरला.

"कवापासून लागलाय?" पुतळाबाईने हळूच विचारलं.

"मंगलवारपासून."

पुतळाबाईच्या तळपायाची आग मस्तकात गेली. तीन दिवस तिच्या लेकाचं तोंड या पोरीने दडवून ठेवलं होतं! "मी हितं झुरतंय आन तू नाटकं करतेस? तुजा नवरा हाय ना तो? तुला न्हाय बघावंसा वाटत?"

"वाटतं, आई. लय वाटतं." विनिताला हुंदका आवरेना. "पन माज्या आयला झटका आलाय. भिवंडीला ष्टँडमागच्या दवाखान्यात हाय. वाचा गेली तिची. मी गेलो का नुसती हात धरून रडते. कॅफेचं निमित्त गेलं का बाबा मना सोडनार न्हाईत. उद्या नेट लागला तर मी तिला परत बघनार न्हाय."

पुतळाबाई खाली बसली. राग कुठे गेला तिला कळलं नाही. विहीणबाई तिला चांगली आठवत होती. लग्नात पुतळाबाईचा हात धरून म्हणाली होती, पोरीला सांभाळा. आणि आता त्या बाईला बोलताही येत नव्हतं. पण उद्या शुक्रवार होता. उद्या देवेश दिसणार होता. या शुक्रवारची तिने किती वाट बघितली होती! इतकी की परवापासून तिने नवीन लुगडं काढून ठेवलं होतं, जसं काही पोरगा पडद्यातून उतरून पायाच पडणार होता.

बाहेर चपला वाजल्या. केसरीनाथ खुशीत होता. "दामू येतो बोलला. सगल्यांना घेऊन येतो." ओटीवरून आत येत त्याने सुनेकडे बघितलं. "झाला का न्हाय तुजा?"

पुतळाबाई उठली. टेबलामागे हात घालून तिने यंत्र उपसलं आणि मुठीत धरलं.

"न्हाय लागत," ती नवऱ्याला म्हणाली. "दामूला सांगा, उद्या येऊ नको. विनिता उद्या परत भिवंडीला जाईल, आन तिच्यासंगती मी पन जानार हाय."