मैनेचा हॉर्न

सासऱ्यांचं पहिलं वर्षश्राद्ध. बायको, थुई, स्वयंपाकाला मदत करायला दोन दिवस आधीच माहेरी सादेकला गेली होती. जाताना मला बजावून गेली, "दहाला हजर राहा. बाबा जन्मभर ट्रकवर होते, पण वाटेत टिवल्याबावल्या करत कधी बसले नाहीत!"

दहा वाजले तेव्हा मी सायगॉन-सादेक रस्त्यावर साऊमावशीच्या कॉफीच्या टपरीत, खांबांना टांगलेल्या झोळीत आडवा होतो. स्कूटर सावलीला होती आणि गाळणीतली कॉफी घट्ट दुधात थेंब थेंब पडत होती. तेवढ्यात थुईचा फोन आला.

गिऱ्हाइकाला घरून फोन आला की काय करायचं, हे मावशीला सांगावं लागत नाही. मी फोन घेताच तिने पिंजऱ्यावरचं फडकं उचललं आणि आतल्या मैनेने गळा फुगवून थेट ट्रकचा हॉर्न मारला. दोन आखूड, एक लांब. शेजारच्या झोळीतलं गिऱ्हाईक दचकून खालीच आलं.

"ऐकलंस ना?" मी फोनवर ओरडलो. "पुलावर तासभर अडकलोय गं! मुंगीच्या पावलाने चाललंय सगळं."

मैनेने पुन्हा मारला. दोन आखूड, एक लांब.

 

"हाच हॉर्न आम्ही आठ वर्षं फोनवर ऐकला," थुई म्हणाली. "बाबा दर खेपेला कुठे अडकायचे, ते आज कळलं."



"आता तिथली एक कॉफी बांधून आण," तिने फर्मावलं. "त्यांच्या फोटोपुढे ठेवू."